गाडी गेली, गेली आहे, गेली होती



दौंड हें पुणें जिल्ह्यांतील मोठें जंक्शन. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आणि 1878 सालीं सुरू झालेला मनमाडचा फांटा तेथें एकमेकांस मिळतात. भीमाकांठच्या या स्थानकावर गाडी गांठणें वा चुकणें हें नित्याचेंच. आणि इंग्रजी भूतकाळ समजून घेण्यास याहून सोयीची शाळा मला ठाऊक नाहीं.

आपण धांवत फलाटावर येतां आणि हमाल म्हणतो, "गाडी गेली." इंग्लंडच्या वळणाच्या इंग्रजींत येथें 'द ट्रेन हॅज् लेफ्ट्' असें म्हणतात, कारण घटना होऊन गेली असली तरी तिचा परिणाम, म्हणजे तो रिकामा फलाट, आतां आपल्यासमोर आहे. "गाडी सहा वाजतां गेली" असें म्हटलें, कीं वेळ नेमली गेली. मग 'हॅज्' चालत नाहीं. 'द ट्रेन लेफ्ट् अ‍ॅट् सिक्स्' असेंच पाहिजे. "मी पोंचलों तेव्हां गाडी गेली होती" यांत मात्र भूतकाळांतील दोन गोष्टी आहेत. त्यांपैकीं आधींची दाखविण्यासाठीं 'हॅड् लेफ्ट्'.

आपला पाय घसरतो तो बहुधा या 'हॅड्'पाशीं. "मी काल पुण्यास गेलों होतों" या मराठी वाक्यांत जाऊन परत आल्याचा अर्थ आपोआप येतो. दुसऱ्या घटनेची गरज लागत नाहीं. म्हणून आपण 'आय् हॅड् गॉन् टु पुणे यस्टर्डे' असें लिहून मोकळे होतों. इंग्रज वाचक मात्र "बरें, मग पुढें काय झालें?" म्हणून वाट पाहत बसतो. तेथें साधें 'आय् वेण्ट्' पुरे.

दुसरी चूक नकाराची. "तो गेला नाहीं" यांत 'गेला' हें रूप जसेंच्या तसें राहतें. त्यावरून 'ही डिड् नॉट् वेण्ट्' असें तोंडांत येतें. इंग्रजींत काळाचें ओझें एकटा 'डिड्' उचलतो आणि 'गो' मागून रिकाम्या हातानें येतो. एका बोजाला दोन हमाल कशास?

हा नुसता व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. समजा, एखादा कारकून "मीं येथें पांच वर्षें काम केलें" हें मनांत धरून बढतीच्या अर्जांत 'आय् वर्क्ट् हिअर् फॉर् फाइव्ह् इयर्स्' असें लिहितो. वाचणारा अधिकारी समजतो, कीं यानें ही जागा केव्हांच सोडली! 'हॅव् वर्क्ट्' लिहिलें असतें, तर त्याची पांच वर्षांची चाकरी अखंड राहिली असती.

राहिलीं अनियमित रूपें. त्यांचा बाऊ करूं नये. आपल्याही भाषेंत 'जा'चें 'गेला', 'कर'चें 'केला', 'घे'चें 'घेतला' होतें. घरांतील मूल प्रथम "मीं करलें" म्हणतें आणि मोठ्यांचें बोलणें ऐकून हळूहळू सुधारतें. कोष्टक घोकून नव्हे. इंग्रजी रूपेंही अशींच कानावर पडलीं पाहिजेत. रोज रात्रीं मुलांकडून दिवसाची हकीकत पांच इंग्रजी वाक्यांत वदवून घ्यावी आणि विचारावें: वेळ नेमली आहे काय? परिणाम अजून समोर आहे काय? दोन गोष्टींपैकीं आधींची कोणती? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला देतां आलीं, त्याला क्रियापदाचें रूप शोधीत बसावें लागत नाहीं.