बेचाळिसाव्या रस्त्यावरचा नाटकवाला

साठ-सत्तरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर स्वस्त तिकिटांची थिएटरं ओळीने उभी होती. रक्त, नग्नता आणि भडक पोस्टर एवढ्या भांडवलावर तिथे चित्रपट खपत. अँडी मिलिगन (१९२९-१९९१) हा त्या थिएटरांना माल पुरवणाऱ्यांपैकी एक. त्याने दोन डझनांहून अधिक चित्रपट काढले, आणि सर्वांत वाईट दिग्दर्शक कोण यावर गप्पा रंगल्या की त्याचं नाव निघतंच. पण मिलिगन मुळात नाटकवाला होता आणि शेवटपर्यंत नाटकवालाच राहिला.

मिनेसोटातल्या सेंट पॉलचा हा मुलगा नौदलात राहून आला, न्यूयॉर्कमध्ये बायकांच्या कपड्यांचं दुकान चालवू लागला आणि ग्रीनिच व्हिलेजच्या ‘कॅफे चीनो’त नाटकं बसवू लागला. १९६२मध्ये एलेन स्टुअर्टच्या ‘ला मामा’ या नाट्यगृहाचं पहिलं नाटक, टेनेसी विल्यम्सच्या कथेवरचं ‘वन आर्म’, त्यानेच बसवलं.

‘व्हेपर्स’ (१९६५) हा अर्ध्या तासाचा लघुपट याच वातावरणातून आला. समलिंगी पुरुषांच्या एका स्नानगृहात दोन अनोळखी माणसं भेटतात आणि बोलत बसतात. समलिंगींच्या हक्कांसाठी झालेल्या स्टोनवॉलच्या उठावाला अजून चार वर्षं होती. अशा काळात त्या माणसांचं एकटेपण त्याने सनसनाटी न करता दाखवलं.

पुढे वितरक विल्यम मिशकिन भेटला आणि गाडी बाजाराकडे वळली. ‘द घास्टली वन्स’ (१९६८) न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर चित्रित झाला. वारशासाठी तीन बहिणी नवऱ्यांसह बापाच्या जुन्या घरात राहायला येतात आणि एकेक मुडदा पडू लागतो. छायाचित्रण, दिग्दर्शन मिलिगनचंच. एकोणिसाव्या शतकातले पोशाखही त्यानेच शिवलेले. कॅमेरा १६ मिमीचा ऑरिकॉन, तेव्हाच्या टीव्ही बातमीदारांचा. त्यात आवाज त्याच फिल्मच्या कडेला नोंदला जाई, पण त्या त्या चित्राच्या शेजारी नाही, काही चौकटी पुढे. त्यामुळे चित्र कापलं की शब्दही तुटे. मिलिगनच्या चित्रपटांतली तुटकी वाक्यं आणि अंगावर येणारे सांधे बरेचसे इथून आले.

या रक्तपाताच्या खाली विषय एकच असे: कुटुंब नावाचा छळ. त्याच्या कथांतल्या आया क्रूर असतात, भावंडं एकमेकांच्या मुळावर उठतात. स्वतःच्या आईबद्दलचा त्याचा राग जिमी मॅकडोनाच्या २००१च्या चरित्रात सविस्तर आला आहे. पात्रं खून करण्याआधी पानंच्या पानं भांडतात. रक्तासाठी आलेला प्रेक्षक यावर चडफडत असणार, पण मिलिगनचा जीव त्या भांडणांतच होता.

साठचं दशक संपताना त्याने लंडनमध्ये काही चित्रपट केले. त्यांतला लांडगामानवाचा चित्रपट मिशकिनला तोकडा वाटला. १९७१मध्ये उंदरांचा ‘विलार्ड’ गाजला होता. मग मिलिगनला स्टेटन आयलंडवर उंदरांची दृश्यं चित्रित करून त्यात घुसडायला लावली, आणि १९७२मध्ये ‘द रॅट्स आर कमिंग! द वेअरवुल्व्ह्ज आर हिअर!’ लागला. याउलट, वेश्याव्यवसायातल्या माणसांवरचा ‘फ्लेशपॉट ऑन फॉर्टीसेकंड स्ट्रीट’ (१९७३) हा भुताखेतांशिवायचा चित्रपट त्याच्या चांगल्या कामांत मोडतो.

ऐंशीच्या दशकात तो लॉस एंजेलिसला गेला. तिथे काही भयपट केले, त्यांना कुणी विचारलं नाही. १९९१च्या जूनमध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला. थडग्यावर नाव कोरण्याइतकेही पैसे मागे नव्हते.

त्याच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी बरेच आज उपलब्ध नाहीत. माल खपला की प्रतींची किंमत शून्य, हा त्या धंद्याचा हिशेब होता. उरलेल्यांपैकी लंडनमधला ‘नाइटबर्ड्स’ २०१२मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने घरी पाहण्यासाठी काढला. मिलिगनला दडलेला प्रतिभावंत ठरवण्याची घाई नको. त्याचे अर्धेअधिक चित्रपट खरोखरच कंटाळवाणे आहेत. पण हसण्यासाठी म्हणून ‘रॅट्स’ लावणार असाल, तर आधी ‘व्हेपर्स’ पाहा.