एकच सिंफनी, तीन तबकड्या

आमच्या वाशीच्या घरात गुस्ताव माहलरची पहिली सिंफनी तीनदा आहे, आणि तिन्ही वेळा ती झुबिन मेहतांनीच वाजवून घेतलेली आहे. जन्मभर बँकेत लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाने एकाच मालावर तीनदा पैसे घालावेत, हे सौभाग्यवतींना आजवर पटलेले नाही. ‘सूर तेच ना?’ असा त्यांचा प्रश्न. सूर तेच, हे मान्य करावेच लागते.

गंमत अशी, की भीमसेनांचा एक यमन घरात असताना दुसरा आणला तर कोणी काही बोलत नाही. गवई दर वेळी राग नव्याने मांडणार, हे आपण धरूनच चालतो. माहलरने (१८६०-१९११) मात्र सगळे लिहून ठेवले. नुसते सूर नव्हेत. इथे घाई नको, इथे ओढू नका, अशा सूचनासुद्धा! मग काठी घेऊन उभ्या राहिलेल्या कंडक्टरला करण्यासारखे उरते काय? (आमच्या नातवाला ‘कंडक्टर’ म्हटले की अजून बसच आठवते.)

मेहता मुंबईचे, जन्म १९३६चा. वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुलाने डॉक्टर व्हावे असे घाटत होते, पण १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला संगीत शिकायला गेला. त्याच व्हिएन्नात माहलर १८९७ ते १९०७ अशी दहा वर्षे राजदरबारच्या ऑपेराचा प्रमुख होता. जन्माने ज्यू, आणि ती जागा मिळावी म्हणून कॅथलिक झालेला. परक्याला घरात घ्यायचे, पण चपला बाहेर काढायला लावून, असा तो प्रकार. पुढे मेहतांनी इस्राएल फिलहार्मोनिकची धुरा कित्येक दशके, २०१९ पर्यंत, वाहिली. माझ्या तीन तबकड्यांपैकी दोन याच वाद्यवृंदाच्या आहेत, तिसरी न्यू यॉर्क फिलहार्मोनिकची.

या सिंफनीच्या तिसऱ्या भागात बालवाडीतले ‘आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन’ हे गाणे येते, पण उदास होऊन, अंत्ययात्रेच्या चालीने. मध्येच रस्त्यावरचा बँड घुसावा तशी एक धून येते. न्यू यॉर्कवाल्यांची ती मला तिसऱ्या मजल्यावरून पाहिल्यासारखी वाटते. इस्राएलच्या वादकांबरोबर ती आपल्याच गल्लीतून, कोपराला कोपर लावून जाते. यातल्या एका मुद्रणात माहलरने स्वतः गाळून टाकलेला ‘ब्लुमिने’ हा भागही आहे. तो गाळला ते बरे केले, असे माझे मत.

जमवाजमव बँकेच्या बदल्यांमधून झाली. हार्बर लाइन १९९२ साली वाशीला पोहोचली आणि शनिवारी अर्ध्या दिवसानंतर काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस गाठणे सोपे झाले. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. खाडीची दमट हवा मात्र चालूच आहे. पावसाळ्यात तबकड्यांच्या वेष्टनांवर बुरशी चढते आणि मी फडके घेऊन बसतो.

सगळ्यांत जपलेली आहे ती दुसरी सिंफनी. व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७५, गायला कोत्रुबास आणि क्रिस्टा लुडविग. पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटे थांबा, असे माहलरने लिहून ठेवले आहे. तेवढ्यात तबकडी उलटून मी चहा टाकतो. शेवटच्या भागात सगळा गलबला निवतो, रंगमंचाबाहेरून शिंगे आणि तुताऱ्या हाका घालतात आणि वर बासरी व पिकोलो एकाकी पक्ष्यासारखे बोलतात. वाद्ये दूर ठेवा, असे माहलर सांगतो. किती दूर, ते सांगत नाही. आवाज विरल्यावर किती वेळ गप्प राहायचे, हेही काठीवाल्यालाच ठरवावे लागते. सौभाग्यवतींच्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे.

दोन वर्षांपासून माझ्या उजव्या कानाला बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. डावाही त्याच वाटेवर आहे. ढोल येतो, शिंगे येतात, पक्षी येत नाही. म्हणून आता नातवाला शेजारी बसवतो. पक्षी बोलला की त्याने बोट वर करायचे, थांबला की खाली. परवा त्याने बोट बराच वेळ वरच धरले. झाले असेल समजून मी उठायला लागलो, तर माझा सदरा ओढत म्हणाला, ‘थांबा आजोबा, अजून आहे.’