कांबळे आडनावाची माणसे

परळ-लालबागच्या चाळींत किती तरी दारांवर ‘कांबळे’ ही पाटी दिसते. आडनाव ऐकले की काहीजण गाव विचारतात. मनात प्रश्न असतो जातीचा. म्हणून आमची काही शिकलेली मुले आडनाव बदलायला निघतात. त्यांना आम्ही ही नावे सांगू इच्छितो.

पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढले. आपल्या लोकांना फौजेत पुन्हा घ्यावे, म्हणून १९१० साली सरकारकडे अर्ज केला.

बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचे संपादन केलेले बी. सी. कांबळे १९५७ साली कोपरगावातून लोकसभेत गेले. १९७७ साली आपल्या दक्षिण-मध्य मुंबईने त्यांना पुन्हा दिल्लीला पाठवले.

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत. त्याचेच पुढे ‘जिणं आमुचं’ झाले. शिक्षिका शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. त्यांचे पुत्र अरुण कांबळे दलित पँथरचे नेते. पुढे ते मुंबई विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख झाले.

हे मायलेक सोडले, तर ही सारी एका घरातली माणसे नव्हेत. आडनावाने त्यांना मोठे केले नाही. त्यांच्या कामाने आडनावाला मान आला.

बंधू-भगिनींनो, आडनाव बदलणे ज्याच्या-त्याच्या मर्जीचे आहे. पण लाजून बदलू नका. अर्ज भरण्याआधी मुलांना एवढी माणसे जरूर सांगा.