डिशवॉशरमधील गळतीचा शोध

भांडी धुण्याच्या यंत्राखाली पाणी दिसताच बिघाड गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा साबणाचा किंवा पाण्याचा असतो. डिशवॉशरच्या पावडरीला फेस जवळजवळ येत नाही, परंतु तिच्याऐवजी हाताने भांडी घासण्याचा द्रव साबण वापरला, तर फवाऱ्यांच्या माऱ्याने फेस वाढून दाराच्या फटीतून बाहेर येतो.

घाटंजीसारख्या गावी पाण्याचे कारण अधिक गंभीर ठरते. यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागाखाली बेसाल्ट खडक असून त्याच्या भेगांतून येणारे बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले असते. ते तापल्यावर क्षारांचा पांढरा थर फिरत्या फवाऱ्याची छिद्रे बुजवतो, धार वाकडी होऊन दारावर आदळते आणि दाराभोवतीची रबरी पट्टी, म्हणजेच गॅस्केट, खरखरीत होऊन नीट बसत नाही. म्हणूनच यंत्राच्या क्षारशोषक कप्प्यात डिशवॉशरचे खास मीठच घालावे. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ तेथे चालत नाही.

तपासणीपूर्वी प्लग काढून नळ बंद करणे अत्यावश्यक आहे. पाणी पुढे साचत असेल तर गॅस्केट पुसून तिच्या भेगा पाहाव्यात आणि यंत्र समतल आहे का हे पाहावे. मागे साचत असेल तर पाइपांच्या जोडावरील क्लिप घट्ट करावी. मधोमध तळातून गळत असल्यास पंपाचे सील झिजल्याची शक्यता असते, आणि ते काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे.