शून्य ते सहाचा रकाना

जनगणनेच्या गाववार तक्त्यात एकूण लोकसंख्येशेजारी एक रकाना असतो : शून्य ते सहा वर्षांची मुले. तो साक्षरतेच्या हिशेबासाठी लागतो. 1991 पासून साक्षरता सात वर्षांपासून पुढेच मोजली जाते, म्हणून त्याखालची मुले वेगळी काढावी लागतात. पण हीच मुले म्हणजे मागच्या सात वर्षांत जन्मलेली आणि जगलेली पिढी. एखाद्या गावाच्या जननाचा मागोवा घ्यायचा तर हाच रकाना उपयोगी पडतो.

करंजा हे असेच एक गाव. द्रोणागिरीच्या पायथ्याशी, खाडीकाठी, मासेमारीवर वाढलेले. आज त्याचा तालुका उरण; जुन्या दप्तरात मात्र हा टापू पनवेलबरोबर सापडतो. 1883 मध्ये उरण आणि करंजासह पनवेल ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आले आणि 1981 मध्ये कुलाब्याचे रायगड झाले.

या जिल्ह्याच्या जननाचा अभ्यास बराच जुना आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. आणि कुमुदिनी दांडेकरांनी पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्यूची पाहणी 1953 मध्ये प्रसिद्ध केली. पाठोपाठ 1955 मध्ये एन. व्ही. सोवनी आणि कुमुदिनीबाईंची नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा जिल्ह्यांतील जननाची पाहणी आली. जन्मनोंदणी अपुरी होती, तेव्हा गावोगाव जाऊन विचारण्यावाचून इलाज नव्हता. 1956 मध्ये मुंबईत लोकसंख्या-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. देवनारची आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच.

पण प्रत्येक गावी पाहणी कोण करणार? 1967 मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ जे. आर. रेळे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान मुले आणि जननक्षम वयाच्या स्त्रिया यांच्या गुणोत्तरावरून जननाची पातळी काढता येते, हे त्यांनी पद्धतशीर मांडले. पुढे 1987 मध्ये त्याच वाटेने त्यांनी 1951 ते 1981 या काळातील भारताच्या जननाचा आलेख मांडला. जन्माची नोंद नसली तरी मूल घरात असते आणि शिरगणतीत ते मोजले जाते, हा या पद्धतीचा आधार.

हिशेब सोपा आहे. समजा, एका गावात शून्य ते सहा वयाची 700 मुले आहेत आणि जन्मलेल्या शंभरांतील 95 जगली आहेत. मग सात वर्षांत जन्म झाले सुमारे 737, म्हणजे वर्षाला 105. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया 1,750 असतील तर दर स्त्रीमागे वर्षाला 0.06 जन्म. ही जननाची वर्षे 35. गुणाकार येतो 2.1. हा एकूण प्रजनन दराचा, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांचा, अंदाज. गाववार तक्त्यात स्त्रियांचे वय दिलेले नसते, म्हणून ते प्रमाण जिल्ह्याच्या तक्त्यावरून घ्यावे लागते.

या हिशेबात सर्वांत जपून हाताळायची गोष्ट म्हणजे गेलेली मुले. देशात 1971 मध्ये हजार जन्मांमागे 129 बालके वर्षाच्या आत दगावत. 2011 मध्ये 44. जगलेली मुले तेवढीच धरली, तर जुन्या पिढीच्या आयांनी सोसलेली बाळंतपणे हिशेबातून गळतात. जगण्याची खात्री वाढली तशी मुलांची संख्या आवरती घेणे घराघराला शक्य झाले. 2001 मध्ये महाराष्ट्रात या वयाची 1.37 कोटी मुले होती. 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या 9.69 कोटींवरून 11.24 कोटींवर गेली, मुले मात्र 1.33 कोटींवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण प्रजनन दर 1992-93 मध्ये 2.86 होता, 2019-21 मध्ये 1.71. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले उत्तर एकाच दिशेला जाते. 2011 च्या या रकान्यावरूनच लोकसंख्या-अभ्यासक ख्रिस्तोफ गिल्मोतो आणि एस. इरुदया राजन यांनी देशभराचे जिल्हावार प्रजनन दर काढले.

करंजाच्या परिसरात आणखी एक सावधगिरी हवी. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि कामासाठी माणसे येऊ लागली. एकटे तरुण पुरुष वाढले की एकूण लोकसंख्येतील मुलांचा टक्का घसरतो, जनन कमी झालेले नसले तरी. म्हणून टक्क्यावरून निष्कर्ष काढू नये; मुलांची तुलना स्त्रियांशीच करावी. त्यातही लेकरे गावी ठेवून आलेल्या आया असतील, तर अंदाज खाली ओढला जाणार, हे लक्षात घ्यावे.

2011 नंतर हा रकाना भरलेलाच नाही. आता 1 मार्च 2027 ही नव्या जनगणनेची संदर्भतिथी ठरली आहे. मागच्या जनगणनेनंतरच्या पडताळणीत हजारी 23 माणसे सुटल्याचे आढळले होते, आणि तान्हे मूल सुटणे सर्वांत सोपे. बारसे व्हायचे असते, सून बाळंतपणाला माहेरी असते. सासरचे समजतात तिकडे नोंद होईल, माहेरचे समजतात इकडे. प्रगणकाने दारात मुद्दाम विचारावे आणि घरच्यांनी नाव नसलेले बाळही सांगावे. अंगणवाडी, लसी, पुढे शाळेची खोली, यांचा अंदाज याच आकड्यावर बसतो, आणि सुटलेले मूल त्या हिशेबात कुठेच नसते.