अ‍ॅप पुण्यात, कंपनी डेलावेअरमध्ये. मग कर कुणाला?

पुण्यात घरी बसून परदेशी ग्राहकांना सॉफ्टवेअर विकणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नाहीतर दुबईत काढ, कर वाचेल. कंपनी ऑनलाइन निघते हे खरं. कर वाचतोच असं नाही.

पत्ता कंपनीचा की मालकाचा?
आर्थिक वर्षात 182 किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलात, तर सर्वसाधारणपणे तुमचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र ठरतं. परदेशी कंपनीकडून घेतलेला पगार आणि लाभांशही त्यात आला. कारभार भारतातून चालत असेल, तर परदेशी कंपनीलाच भारतीय रहिवासी मानण्याचा नियम आहे. 50 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना 2017 च्या परिपत्रकाने त्यातून वगळलं. सल्ला देणारे इथेच थांबतात. पण काम भारतात होत असेल, तर त्या कामातून झालेल्या नफ्यावर भारत तरीही हक्क सांगू शकतो.

दुबईतही आता 3,75,000 दिरहमवरच्या नफ्यावर 9 टक्के कर आहे. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी म्हणजे डिजिटल ओळखपत्र. त्याने ना व्हिसा मिळतो, ना कर-रहिवास.

खरा खर्च कागदांचा
डेलावेअरच्या एलएलसीला नफा असो वा नसो, दरवर्षी 300 डॉलर भरावे लागतात. एकटा परदेशी मालक असेल आणि फॉर्म 5472 चुकला, तर दंड 25,000 डॉलर! इकडे रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. ती लपवली, तर काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो (स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे). फेमाखाली बँकेमार्फत गुंतवणूक कळवायची, ते वेगळंच.

मग लोक जातात कशाला?
अमेरिकन गुंतवणूकदारांना डेलावेअरचा कायदा ओळखीचा आहे आणि तिथे पेमेंट गेटवे सहज मिळतो. ही कारणं रास्त आहेत. मात्र परतीची वाट महाग असते: 2022 मध्ये फोनपे सिंगापूरहून भारतात आली, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे 8,000 कोटी रुपये कर भरावा लागला.

एकट्याने काम करणाऱ्यासाठी इथली सोय वाईट नाही. सेवा निर्यातीच्या अटी पाळल्या आणि दरवर्षी एलयूटी भरलं, तर परदेशी बिलावर जीएसटी लावावा लागत नाही. सीएकडे जाताना ‘कर कुठे कमी?’ एवढंच विचारू नका. वर्षभरात किती दिवस कुठे राहणार आणि काम कोण कुठून करणार, हे लिहूनच न्या.