तपासणीआधी घड्याळ पाहा

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. प्रभातफेऱ्या निघतील, छातीवर लाल फिती लागतील, फलकांवर ‘एचआयव्ही तपासणी करून घ्या’ असं लिहिलेलं असेल. सल्ला चांगलाच आहे. पण काल रात्री कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, म्हणून आज सकाळी ज्याच्या पोटात गोळा आलाय, त्याच्यापर्यंत तो अर्धाच पोचतो.

असा माणूस बहुधा खासगी लॅब गाठतो. संध्याकाळी ‘निगेटिव्ह’ असा कागद हाती पडतो आणि तो निश्चिंत होऊन घरी जातो. त्या कागदात कालच्या रात्रीबद्दल एक अक्षरही नसतं. तपासणी केंद्रावर बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त किटवर घेतात, त्यावर द्रावण सोडतात. थोड्या वेळात एक रेघ उमटते. किट चालतंय, एवढंच ती सांगते. दुसरी रेघ उमटायला रक्तात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडं लागतात आणि ती चाचणीत दिसण्याइतकी व्हायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने जातात. विषाणूचं प्रथिनही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळा-चाचणीलाही १८ ते ४५ दिवस द्यावे लागतात. पहिल्या दिवशीची तपासणी जरूर करावी, पण ती आधीची स्थिती सांगते.

म्हणून पहिला प्रश्न हवा, ‘किती तास झाले?’ ७२ तासांच्या आत असाल तर ‘पेप’, म्हणजे संभाव्य संपर्कानंतर लागण टाळण्यासाठीचा औषधोपचार, सुरू करता येतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही औषधं रोज, २८ दिवस, खंड न पाडता. जितक्या लवकर तितकं चांगलं. तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. सुई टोचलेल्या नर्सला हे शिकवलेलं असतं, लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीसाठी सरकारी सूचना आहेत. सर्वसामान्य तरुण-तरुणींना मात्र हा शब्दही कुणी सांगत नाही. मला हे अक्षम्य वाटतं. गर्भनिरोधक गोळीची जाहिरात होते, मग याची का नाही?

धोका खरंच किती? अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज असा: जोडीदाराला एचआयव्ही असेल आणि संरक्षण नसेल, तर योनीसंभोगात स्त्रीला दर १०,००० वेळांमागे सुमारे ८ वेळा लागण होते, गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला सुमारे १३८ वेळा. म्हणजे ‘आपलं संपलं’ असं रात्रभर रडण्याचं कारण नाही. आकडा छोटा आहे म्हणून गोळ्या टाळाव्यात, असंही नाही. जोडीदाराचे उपचार नियमित चालू असतील आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडत नसेल, तर संभोगातून लागण होत नाही. चुंबनाने, एका ताटात जेवल्याने तर नाहीच. ताप आला, अंगावर पुरळ उठलं, यावरून स्वतःच निदान करू नका. ते साध्या विषाणूतापातही होतं.

सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. पेप घेतलं असेल तर पुढच्या तपासण्यांच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. गुप्तरोग आणि हिपॅटायटिस बी यांचीही तपासणी मागा.

लाजेत एक दिवस घालवू नका. १०९७ हा एचआयव्ही-एड्सविषयीचा मदतक्रमांक मोफत आहे. रविवार असला तरी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो. तिथे जाऊन ‘पेप हवंय’ असं सरळ सांगा.